यंदाच्या नाताळला येऊ नकोस

मिंडेरे,
रविवार, ९ ऑक्टोबर १९८८

प्रिय मुला गिग्माई,

देवाची शांती तुझ्यावर असो. आम्ही इकडे बरे आहोत, तूही तिकडे बेटावर बरा असशील. तुझं ऑगस्टचं पत्र पोचलं. केतुराने ते मला दोनदा वाचून दाखवलं, मग मी स्वतः एकदा वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. चर्चमधल्या बायकांच्या वर्गात आता मला सगळी ओळ वाचता येते. हे पत्रही मीच लिहितेय, दुसऱ्या कुणाचा हात नाही. अक्षरं डुकराच्या पिलांसारखी पळाली असतील, हसू नकोस.

आधी आनंदाची बातमी. वीस सप्टेंबरला केतुरा मोकळी झाली. मुलगी आहे. नाव नाओमी ठेवलं. पास्टर येऊन डोक्यावर हात ठेवून गेले. मुलगी लहान आहे. केतुरा अजून फारशी चालत नाही, पण रताळी सोलते, बसल्या बसल्या दोऱ्याची पिशवी विणते. मागदलीन पाच वर्षांची झाली आणि आईपेक्षा जास्त तीच बाळाला ओरडते.

डागे काकांच्या डुकरिणीला सात पिलं झाली, त्यातलं एक चेंगरलं. कॉफी यंदा दाटून आलीय, मी एकटीनेच तोडते. चर्चवर नवे पत्रे बसले. पाऊस पडला की आता प्रवचन ऐकू येत नाही, त्यामुळे म्हातारे खूश आहेत.

आता कामाचं. यंदाच्या नाताळला येऊ नकोस. कुंडियावाच्या रस्त्यावर मोठी दरड आली आहे, ट्रक जात नाहीत. शिवाय डोंगरापलीकडच्या लोकांशी आपल्या लोकांचं हद्दीवरून पुन्हा वाजलं आहे, तू आलास की तुलाही भाला धरायला लावतील. डिसेंबरात समुद्र खवळलेला असतो असं तूच एकदा म्हणाला होतास. मळ्याच्या साहेबाला सांग की मी सणालाही कामावर राहतो, त्याला बरं वाटेल. पुढच्या वर्षी ये. नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी.

हे मी केतुराला सांगितलेलं नाही. तिला लिहिताना याबद्दल काही विचारू नकोस.

तुझी आई,
वेना

*

मिंडेरे,
रविवार, १३ नोव्हेंबर १९८८

प्रिय मुला गिग्माई,

देव तुझं रक्षण करो. तुझं पत्र गुरुवारी आलं. तू रागावला आहेस.

तू लिहिलंस की मळ्यावर नवीन आलेला आपल्याकडचा माणूस म्हणतो, रस्ता उघडा आहे आणि भांडण बिंडण काही नाही. खरं आहे त्याचं. दरड होती, पण ती जूनमध्ये. मी खोटं लिहिलं. पण पुढे तू जे लिहिलंस, "माझ्या बायकोने कुणी धरलाय का, म्हणून मला येऊ देत नाहीस?" ते मी केतुरासमोर वाचलं नाही. तुला असं लिहवलं कसं? त्या पोरीच्या अंगावर आता धरण्यासारखं काही राहिलेलं नाही रे. गालफडं बसली आहेत. केस तांबडे झाले आहेत आणि विंचरले की हातात येतात. सत्तावीस वर्षांची बाई काठी घेऊन उतार उतरते.

तिची पत्रं वाचून तुला वाटत असेल सगळं ठीक आहे. ती लिहिते तेव्हा मी शेजारी असते. "आम्ही मजेत आहोत" असं लिहिते आणि कागद ओला होऊ नये म्हणून मान दुसरीकडे करते.

आता खरं सांगते. खरं सांगायला मला वर्षभर लाज वाटली, कारण आईने मुलाशी या गोष्टी बोलायच्या नसतात.

मागदलीन झाली आणि तू मळ्यावर गेलास. दोन वर्षं आला नाहीस. ती अडीच वर्षं अंगावर प्यायली, आज दगडासारखी आहे. मग तू आलास, जोएल झाला. जोएल तीन महिन्यांचा होता तेव्हाच्या नाताळला तू पुन्हा आलास आणि गेलास. फेब्रुवारीत केतुराला कळलं की दिवस गेलेत. दूध आटायला लागलं. जोएलला मी रताळं चावून भरवायचे. तो खायचा, पोट फुगायचं आणि हातपाय काड्यांसारखे व्हायचे. मग पाय सुजले. जूनमध्ये गेला. मी तुला लिहिलं, तापाने गेला. ताप शेवटचे दोन दिवस होता, बाकी चार महिने भूक होती.

त्याच्या पाठचा सप्टेंबरात झाला, अकरा दिवस राहिला. माझ्या तळहातावर मावायचा. त्याचं नावही ठेवलं नव्हतं. तेव्हा मी लिहिलं, देवाने नेलं. त्यानंतर तीन महिन्यांनी तू आलास. आम्ही दोघी दुःखात होतो, तूही होतास, तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलास ते मी पाहिलं आहे. आणि तू गेल्यावर तिला पुन्हा दिवस राहिले.

पाणवठ्यावर बायका काय म्हणतात माहीत आहे? "केतुरा दर सप्टेंबरला पिकते, आपल्या कॉफीपेक्षा नेमाची." ती घागर भरते आणि घरची वाट धरते.

गेल्या महिन्यात मी तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. अर्धा दिवस लागला, दर वळणावर ती बसायची. तिथल्या सिस्टर एलिसने नाओमीला ताजव्यात घातलं आणि बराच वेळ काटा पाहत राहिली. मग केतुराच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मला बाजूला घेतलं.

"मावशी, ही बाई कोरडी झाली आहे. अंगात रक्त नाही. तीन वर्षांत तिसरं बाळंतपण! शरीराला भरून यायला वेळ नको का? दोन बाळंतपणांत निदान दोन-अडीच वर्षं गेली पाहिजेत. हिला लगेच पुन्हा दिवस गेले तर ही तान्ही मुलगी वाचणार नाही. पुढचंही वाचणं कठीण. आणि कदाचित ही स्वतःही नाही."

"मग काय करायचं?"

"दिवस राहू नयेत म्हणून सुई आहे. तीन महिन्यांतून एकदा. दूध कमी होत नाही. पण इथे नियम आहे, नवऱ्याची सही लागते."

"नवरा समुद्रापलीकडे आहे."

"मग कागद पाठवा."

तो कागद या पत्रात आहे. खाली जिथे फुली केली आहे तिथे नाव लिही आणि परत पाठव. बाकी काही लिहायला नको.

केतुरा सहीची वाट पाहायला तयार नव्हती. केंद्रातून आल्यावर चार दिवसांनी मी रानातल्या झोपडीत गेले, तर ती तिथे भांड्यात साल उकळत बसलेली. म्हाताऱ्या बायका मूल होऊ नये म्हणून घेतात ती साल. अर्धं पिऊन झालं होतं. मी भांडं लाथेने उडवलं. तीन दिवस ओकत होती, दूध निम्मं झालं. नाओमीला मी डागेच्या सुनेकडे पाजायला नेत होते.

ती शुद्धीवर आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, त्याला नाही म्हण ना!"

"आई, ते वर्षातून एकदा येतात. दारात उभे राहतात तेव्हा मला नाही म्हणता येत नाही. तुम्हीच सांगा त्यांना. नाही सांगितलंत तर मी नदीत उडी टाकीन, पण तिसऱ्या मुलासाठी खड्डा खणायला मला लावू नका."

मी तिच्या जागी आहे असं समज आणि सही कर. येऊ नकोस.

तुझी आई,
वेना

*

मिंडेरे,
रविवार, ११ डिसेंबर १९८८

गिग्माई,

देव आपल्या सगळ्यांवर दया करो.

तुझं पत्र आलं, कागद आला नाही. तू जहाजाचं तिकीट काढलंस असं लिहिलंस. म्हणून हे पत्र टपालाने पाठवत नाही. आपल्या ट्रकवाल्याबरोबर लाए बंदरावर पाठवते. तू धक्क्यावर उतरलास की तो तुझ्या हातात देईल. ट्रकमध्ये बसण्याआधी वाच.

तू लिहिलंस, "आई, माझ्या घरात नाक खुपसू नकोस." लिहिलंस, "ती सुई घेऊन बायका वांझ होतात आणि नवरा दूर असलेल्या बायका काय करतात ते मळ्यावर सगळ्यांना माहीत आहे." लिहिलंस, "तुमच्या वेळी पुरुष वेगळ्या घरात झोपायचे तो अंधाराचा काळ होता. बाबांनीच ते घर जाळलं. बाबा तर आपल्या घरात राहिले, मग मी कसा जगलो?"

हा शेवटचा प्रश्न तू विचारायला नको होतास. आता उत्तर द्यावं लागेल.

तू माझा पहिला मुलगा नाहीस.

तुझ्या आधी एक होता. त्याचं नाव कुने. तुझ्यापेक्षा सव्वा वर्षाने मोठा. त्याचं नाव तुझे बाबा असेपर्यंत मी घेतलं नाही, ते गेल्यावरही घेतलं नाही. सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा ते लिहिलं आणि अक्षर बरोबर आहे की नाही हे विचारायलाही कुणी नाही.

तेव्हा आपल्याकडे पुरुष त्यांच्या मोठ्या घरात राहायचे आणि आम्ही बायका मुलांना, डुकरांना घेऊन आपापल्या घरात. मूल अंगावर पीत असलं की नवरा जवळ यायचा नाही. दूध नासतं म्हणायचे. मूल पळायला लागलं, तोंडभर दात आले, की मग. माझ्या आईला पाच मुलं झाली, पाचांत तीन-चार वर्षांचं अंतर, पाचही जगली. ते लोक अंधारात होते म्हणतात. असतील. दूध नासतं का ते मला माहीत नाही, सिस्टर एलिस म्हणते नासत नाही, आटतं. पण अंतर ठेवायचं त्यांना कळत होतं.

मग मिशनचे लोक आले. पास्टर म्हणाले, पती-पत्नी एका छपराखाली राहावीत, पुरुषांचं घर सैतानाचं आहे. एका रविवारी ते जाळलं. पहिली मशाल तुझ्या बाबांनी लावली. डागे काका रडत होते, तुझे बाबा गात होते. मग त्यांनी नवं चौकोनी घर बांधलं, एकाच दाराचं. कुने तेव्हा पाच महिन्यांचा होता.

तुझे बाबा वाईट नव्हते. आणि मी इथे सगळं त्यांच्यावर टाकलं तर तेही खोटं होईल. मला बरं वाटलं होतं, गिग्माई. मी वीस वर्षांची होते. चुलीपाशी समोर तो बसलेला, माझ्याशी बोलतोय, मुलाला गुदगुल्या करतोय. सासूबाईंनी मला बजावलं होतं, "पास्टरने दार एक केलं असेल, तू तुझं अंथरूण दोन ठेव." मी ठेवलं नाही. मला कुणी जबरदस्ती केली नाही. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

दोन महिन्यांत तुझे दिवस राहिले.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला शिवी दिली नाही. नुसत्या खाली बसल्या. मग माझ्या छातीला चिखल आणि कडू पाला चोळला, कुनेने सोडावं म्हणून. तो यायचा, तोंड लावायचा, वाकडं करायचा आणि माझ्याकडे बघायचा. रडायचा तेवढं बरं होतं. नंतर रडणं बंद झालं. कुठेही ठेवलं तरी तसाच बसायचा, माशा बसल्या तरी हात हलवायचा नाही. जोएल बसायचा ना तसा. जोएलला पहिल्यांदा तसा बसलेला पाहिला तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. हे माझं दुसरं पाप.

कुनेला पुरलं त्याच्यानंतर वीस दिवसांनी तू झालास.

आता तू कसा जगलास ते ऐक. तू झाल्यावर मी तुला घेऊन रानातल्या डुकरांच्या झोपडीत राहायला गेले. तीन वर्षं. तुझे बाबा यायचे, मी आतून ओंडका लावायचे. त्यांनी मला मारलं, सगळ्यांसमोर, दोनदा. माझा खांदा अजून वर जात नाही, तुला सांगितलं होतं झाडावरून पडले. पास्टरने मला चर्चमध्ये उभं केलं. बायका म्हणायच्या, वेनाला नवऱ्यापेक्षा डुकरं आवडतात. पुढच्या वर्षी तुझ्या बाबांनी दुसरी बायको आणली, ती टिकली नाही, पण आणली. मी ओंडका काढला नाही. तू तीन वर्षं प्यायलास. तू देवाच्या कृपेने जगलास आणि त्या ओंडक्यामुळे जगलास.

केतुराच्या अंगात ती ताकद नाही. म्हणून मी तिला, नाओमीला आणि मागदलीनला काल नदीपलीकडे तिच्या भावांकडे पोचवून आले. तू घरी येशील तेव्हा घर रिकामं असेल. ही माझी करणी आहे, तिची नाही. तिच्या भावांशी भांडू नकोस, लग्नात आपण दिलेली डुकरं परत मागू नकोस. राग काढायचा तर मी दारात बसलेली असेन.

डागे काकांनी दोन म्हाताऱ्यांना घेऊन कॉफीच्या बागेपाशी गोल घर उभं केलं आहे. लहानसं आहे. लोक हसतात, "डागेला बायकोने बाहेर काढलं वाटतं." काका म्हणतात, हसू द्या, गिग्माईला पाठ टेकायला जागा पाहिजे ना. तिथे तुझी चटई टाकली आहे.

कागद पुन्हा पाठवते, हा दुसरा. सिस्टरकडून मागून आणला.

तुझी आई,
वेना

*

मिंडेरे,
रविवार, २४ सप्टेंबर १९८९

गिग्माई,

देव तुला सुखात ठेवो. नऊ महिने मी लिहिलं नाही. तूही मला लिहिलं नाहीस. केतुराला तुझी पत्रं येतात, ती त्यातलं "सगळे बरे आहेत" एवढं मला वाचून दाखवते आणि कागद मिटते. मी विचारत नाही.

नाओमी वर्षाची झाली. ते सांगायला लिहितेय. आणि तुला माहीत नसलेलं थोडं आहे, तेही.

तू आलास तेव्हा मी दारात बसले होते. तू विचारलंस, "कुठे आहेत?" मी म्हटलं, "जिवंत आहेत." तू पिशवी माझ्या पायांपाशी आपटलीस. त्यातला पावडरच्या दुधाचा डबा फुटून सगळीकडे सांडला. तू निघून गेलास नदीकडे, मी ते पांढरं मातीतून भरत बसले. आपण बोललो ते तेवढंच. ट्रकमध्ये चढताना तू एक वाक्य बोललास ते सोडून.

नदीवर काय झालं ते तू अलीकडून पाहिलंस. पलीकडचं मला केतुराने सांगितलं. ती काठावर आली, नाओमीला वर धरून तुला दाखवली आणि ओरडली, "कागदावर सही करा, मग मी पूल ओलांडते!" तुला वाटलं असेल केवढी कठोर झाली ही. तिच्या मागे तिचे भाऊ उभे होते, खरं. पण मागदलीनने तिचं लुगडं मागून घट्ट धरलं होतं, आई पाण्यात पडेल म्हणून. तू तीन दिवस तिथे बसून होतास. तीनही दिवस ती झाडाआडून तुला पाहत होती. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि तू उठला नाहीस, तेव्हा ती भावाला म्हणाली, "जाऊ दे मला, ते भिजतायत." भाऊ म्हणाला, "भिजू दे. भिजून माणूस मरत नाही." नाहीतर ती आलीच असती. मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं.

चौथ्या दिवशी तू केंद्रात गेलास हे मला सिस्टर एलिसने सांगितलं. म्हणाली, "मावशी, तुमचा मुलगा आला. सही केली आणि पेन हातातच धरून बसला. मग विचारलं, पोटात असलेल्या बाळाला कळतं का, बाहेरच्याचं दूध आपण घेतोय म्हणून?"

सिस्टरने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. सही झाली म्हणून केतुरा मुलींना घेऊन पूल ओलांडून घरी आली. ट्रकमध्ये चढताना तू मला म्हणालास, "तू मला हे सांगायला नको होतंस. मी भावाला खाऊन जन्मलो." ट्रक सुरू झाला होता. तेव्हापासून रोज उत्तर देतेय, कॉफी तोडताना, रताळी खणताना. आज लिहिते.

तू कुणाला खाल्लं नाहीस. तू मटारएवढा होतास. तुला बोलावलं आम्ही, वेळ न पाहता. हे ओझं माझं आहे आणि सव्वीस वर्षं मी ते तुला उचलू दिलं नाही. तुझ्या खांद्यावर ते टाकलं कारण दुसरं काही करून तू थांबत नव्हतास. दरड सांगून झाली, सिस्टरचं सांगून झालं. मला माहीत होतं तुला लागेल. किती लागेल ते माहीत नव्हतं. तरी तुला खोटं सांगणार नाही, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन. तू परत माझं तोंड पाहणार नाहीस हे माहीत असूनही सांगेन.

जुलैत आपल्या डोंगरावर गोवर आला. सात मुलं गेली. वरच्या वाडीतल्या एका घरातली दोन, एक दीड वर्षाचं, एक सहा महिन्यांचं. नाओमीलाही झाला. केतुराने तुला "थोडा ताप होता" असं लिहिलं असेल, ती माझ्याकडूनच शिकली. थोडा नव्हता. डोळे चिकटले, तोंडात फोड आले, रताळं आत जाईना, पाणीही जाईना. आठ दिवस काही गेलं नाही. फक्त केतुराचं दूध. तेही ओढायची ताकद नव्हती, केतुरा पिळून थेंब थेंब ओठांवर सोडायची. मी दाराबाहेर बसून राहिले. मला आत बघवत नव्हतं. मी कुनेचं नाव घेत होते, मोठ्याने, डागे काकांनी ऐकलं आणि ते माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मला आठवतो तो. त्याला कानामागे तीळ होता." मला तीळ आठवत नव्हता, गिग्माई. मी आई, आणि मला आठवत नव्हता.

नवव्या दिवशी नाओमीने आईच्या बोटाला चावा घेतला. केतुरा ओरडली, मला वाटलं संपलं. आत गेले तर ती रडत हसत होती.

सिस्टर म्हणाली, अंगात धरून ठेवायला काहीतरी होतं म्हणून राहिली. आईला परत दिवस गेले असते तर काही उरलं नसतं. मुलगी अजून बारीक आहे. खोकते. पुढचा पावसाळा काढेल की नाही हे मी कुणाला सांगत नाही, स्वतःलाही नाही. पण गेल्या मंगळवारी ती भिंतीला धरून उभी राहिली आणि मागदलीनने तिला ओरडून खाली बसवलं.

केतुराचे केस काळे यायला लागले आहेत, कपाळाजवळ. तिसरी सुई झाली. चौथीला सिस्टर म्हणते औषध वरून येईल तेव्हा. गेल्या महिन्यात यायचं होतं, आलं नाही. दर सोमवारी मी केंद्रात जाऊन विचारून येते. माझ्याकडे पाहिलं की सिस्टर लांबूनच मान हलवते.

कुनेला जिथे ठेवलं तिथे आता डागेची कॉफी आहे. तू तीन दिवस नदीवर होतास, तुला वाटलं असतं तर दाखवली असती जागा. तिथे खूण नाही, मला पावलांनी मोजून माहीत आहे.

या नाताळला येणार की नाही ते केतुराला कळव. ती वाट पाहते, मला माहीत आहे, तिने तुझा सदरा धुऊन ठेवला आहे. औषध आलं नसलं तर डागे काकांच्या घरात राहा, तिच्याजवळ जाऊ नकोस. मला नाही कळवलंस तरी चालेल. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल, मी रानातल्या झोपडीत राहायला जाईन, मला सवय आहे. फक्त मुलीला एकदा उभी राहिलेली बघून जा.

कुने आणि गिग्माई, दोघांची आई,
वेना